मंत्रतंत्राच्या जगातील खुनाचे रहस्य कसे रचावे
‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रे वठवून खेळायच्या कथाखेळाच्या पाचव्या आवृत्तीत खुनाचे रहस्य रचताना, खुनी ठरवण्याआधी खेळाडूंच्या पात्रांना कोणते मंत्र येतात ते पाहावे, कारण ‘स्पीक विथ डेड’ या तिसऱ्या पातळीच्या मंत्राने प्रेताला ५ प्रश्न विचारता येतात आणि सारे गूढ पहिल्याच बैठकीत उलगडू शकते. तो मंत्र निष्प्रभ करणे मला अन्यायाचे वाटते. त्याऐवजी, मृताला जिवंतपणी ठाऊक होते तेवढेच प्रेत सांगते, या नियमाचा आधार घेऊन मारेकऱ्याला दुसऱ्याचे रूप द्यावे, म्हणजे प्रामाणिक उत्तरही तपास गुंतागुंतीचा करते. खून हा एखाद्या विधीतला बळी असेल, तर तो विधी आणि त्याचा हेतू मात्र आधीच पक्का असावा, आणि प्रत्येक निष्कर्षाकडे नेणारे किमान तीन धागे वेगवेगळ्या ठिकाणी पेरावेत, कारण एखादा नजरेतून सहज सुटतो.