पाडव्याचा संकल्प अक्षय्य तृतीयेपर्यंतही का टिकत नाही? या चुका टाळा

काही वर्षांपूर्वीचा पाडवा. गुढी उभारून झाली, कडुनिंबाची चटणी तोंड वाकडं करत गिळली आणि मी घरात जाहीर केलं : उद्यापासून पहाटे पाचला उठणार, जिम लावणार, रोज वीस पानं वाचणार, साखर बंद आणि रात्री नऊनंतर मोबाईलला हात नाही. बायकोने शांतपणे विचारलं, "मग श्रीखंड आजच संपवून टाकायचं का?"

जिमची वर्षाची फी एकरकमी भरली, कारण एकरकमी भरली की सूट मिळते. गेलो एकूण अकरा वेळा. अक्षय्य तृतीया आली तेव्हा पाचातला एकही संकल्प शिल्लक नव्हता, श्रीखंड मात्र पुन्हा आलं होतं. तेव्हा सगळा दोष आळसाच्या माथी मारला. आळस होताच, नाही कशाला म्हणू? पण पुढे दोन-तीनदा तसंच आपटल्यावर कळलं की माझी मांडणीच चुकत होती.

पहिली चूक तर उघडच आहे, पाच गोष्टी एकदम सुरू करणं. त्यावर फार बोलत नाही. एक धरा.

एकवीस दिवसांचा हिशेब

'एकवीस दिवस केलं की सवय लागते' हे वाक्य आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर सुप्रभातच्या फुलांसोबत येतं. त्याचं मूळ मजेशीर आहे. १९६० च्या सुमारास एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपला नवा चेहरा सवयीचा व्हायला किमान एकवीस दिवस लागतात. पुढे हे वाक्य तोंडोतोंडी फिरताना त्यातलं 'किमान' गळालं, चेहराही गळाला आणि उरला नुसता आकडा.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २०१० साली छापून आला. प्रत्येकाने एक साधी गोष्ट निवडायची आणि बारा आठवडे रोज ठरलेल्या वेळी करायची. आपसूक घडण्याइतकी ती गोष्ट अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवस, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी लागले, निम्म्यांना जास्त. पण त्याहून मोलाची आहे ती तफावत : कुणाला १८ दिवस, तर कुणाचा हिशेब, बारा आठवड्यांच्या पुढचा अंदाज बांधल्यावर, २५४ दिवसांपर्यंत गेला. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर मुरते, व्यायामाला जास्त वेळ लागतो. म्हणजे बाविसाव्या दिवशीही बूट घालायचा कंटाळा आला, तर आपल्यात काही बिघडलेलं नाही. त्या दिवशी कंटाळा येणारच, असं आधीच धरून चाला.

एक खाडा झाला की सगळंच सोडणं

माझी खरी खोड ही. बाराव्या दिवशी मावसभावाचं लग्न, व्यायाम चुकला. तेराव्या दिवशी मनाने निकाल दिला, आता मोडलंच आहे तर राहू दे. गंमत म्हणजे लॅलींच्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडलेला नव्हता.

इथे मला वारी आठवते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला जाते, पण रोज सारखंच अंतर चालत नाही. पुण्यात एरवी दोन रात्री मुक्काम, मग दिवे घाट चढून सासवडपर्यंतचा दमछाक करणारा टप्पा आणि सासवडला पुन्हा दोन रात्री. जिथे सर्वात जास्त चालायचं, त्याच्या अलीकडे आणि पलीकडे विसावा. वारकऱ्याला कुणी 'आज खाडा केलास' म्हणत नाही, कारण तो मुक्काम वाटचालीतच धरलेला असतो. आपल्या वेळापत्रकात असा मुक्काम आखलेला नसतो, म्हणून पहिल्याच अडचणीला ते कोसळतं. उपाय सोपा : आठवड्यातला सुटीचा दिवस आधीच ठरवा आणि न ठरवता चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नका. भरपाईने गुडघे दुखतात, आणि दुखणारे गुडघे हे तिसऱ्या दिवसाचं निमित्त.

'वेळ मिळेल तेव्हा करीन'

तो कधीच मिळत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवून दिलं की 'मी व्यायाम करीन' यापेक्षा 'अमुक झालं की अमुक जागी अमुक करीन' असं ठरवणाऱ्यांच्या हातून काम जास्त होतं. आपल्या आजीची सांजवात आठवा. ती घड्याळ बघत नसे. तिन्हीसांजा झाल्या की हात आपोआप काडेपेटीकडे. नवी सवय अशीच जुन्या खिळ्याला टांगायची. सकाळचा कुकर लावला की तीन शिट्ट्या होईपर्यंत पाठीचे व्यायाम. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की पुस्तक. (उभं राहून वाचणारेही आहेत, त्यांना माझा दंडवत.)

आकड्याची पूजा

रोज दहा हजार पावलं हा आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या महिलांवरचा अभ्यास मांडला. त्यात दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा कमी होतं आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. तरीही रात्री साडेअकराला हॉलमध्ये येरझारा घालून उरलेली सहाशे पावलं पुरी करणारे काका आपल्या ओळखीत असतातच. पहाटे पाचचंही तेच. रात्री साडेबाराला झोपणाऱ्याने पाचला उठणं म्हणजे साडेचार तासांची झोप. प्रौढ माणसाला किमान सात तास हवेत. आधी झोपायची वेळ अलीकडे आणा, उठायची आपोआप येईल.

माणसं वजा करणं

'स्वतःवर काम' करायचं म्हणून मी कट्टा सोडला, शनिवारचे पत्ते सोडले. त्या वर्षीइतका चिडका मी कधीच नव्हतो, हे घरच्यांचं मत. हार्वर्डमध्ये १९३८ पासून काही माणसांच्या आयुष्याचा अभ्यास चालू आहे. म्हातारपणी कोण सुखी आणि धडधाकट राहिलं याचा माग काढताना त्यांना जवळच्या नात्यांचा धागा पुन्हा पुन्हा सापडला. दिंडीतही प्रत्येकाची ओळीतली जागा ठरलेली असते. एखादा दिसला नाही की शेजारचा विचारतो. सवयीला असा विचारणारा हवा.

यंदा पाडव्याला मी एकच ठरवलं. रात्री जेवणं झाली, ओटा आवरला की आम्ही दोघं चपला घालून नाक्यावरच्या मारुतीपर्यंत जाऊन येतो. रविवारी सुटी. पावलं मोजत नाही. श्रीखंड दोन वाट्या खाल्लं.