आरती, धालो आणि मांडो: शाळेत समूहगायनाची तुलना कशी शिकवावी

गोव्यातील मुलांच्या कानांवर समूहगायनाचे निदान तीन प्रकार लहानपणापासूनच पडत असतात. म्हणून तुलनेचा आरंभ जगाच्या नकाशापासून न करता गावातूनच करावा आणि जे गाणे वर्गाने स्वतः गायिलेले नाही, त्याविषयी मुलांकडून मत लिहून घेऊ नये.

प्रथम चतुर्थीची घुमट आरती, म्हणजे घुमट या मातीच्या, कातड्याने मढवलेल्या वाद्याच्या साथीने गायिली जाणारी आरती, घ्यावी. मुलांना ती पाठ असतेच. तेव्हा वेळ चालीवर न घालवता घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य) आणि कासाळे (मोठ्या झांजा) यांच्या लयीवर द्यावा. इथे सगळे एकच चाल गातात आणि गंमत आहे ती चढत जाणाऱ्या लयीत.

धालो म्हणजे बायकांनी मिळून गात-नाचत करायचा लोकप्रकार. त्यासाठी गावातील जाणत्या बाईंना वर्गात बोलवावे. पौषात मांडावर, म्हणजे गावातील ठरलेल्या पवित्र अंगणात, गायिली जाणारी ही गाणी श्रद्धेची आहेत. त्यांतील कोणती वर्गात म्हणता येतील, हे त्यांनाच ठरवू द्यावे. मग समोरासमोर दोन रांगा करून एका रांगेची ओळ दुसरीने झेलण्याचा सराव करावा.

खरी कसोटी मांडोची. एकोणिसाव्या शतकात दक्षिण गोव्यातील सासष्टी तालुक्याच्या ख्रिस्ती घराण्यांत बहरलेला हा कोंकणी गीतप्रकार संथ, सहा मात्रांच्या चालीचा असून त्यात दोन आवाज बहुधा तिसऱ्या स्वराच्या अंतराने बरोबर चालतात. आरतीत एका सुरात मिसळण्याची सवय जडलेली मुले खालचा आवाज धरताच नकळत वरच्या चालीवर सरकतात. यावर माझा उपाय असा, की पहिला आठवडा सर्वांनी वरची चाल, दुसरा आठवडा सर्वांनी खालची चाल गावी आणि त्यानंतरच गट पाडावेत. आवाज फुटू लागलेल्या मुलांना खालचा भाग द्यावा. मात्र ‘कच्च्यांचा गट’ म्हणून तो कोणाच्याही माथी मारू नये. पट्टी मुलांच्या गळ्याला सोसेल अशी, हार्मोनियमवर आधी तपासून घ्यावी.

तिन्ही गाणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ती ऐकताना चारच प्रश्न विचारावेत: सुरुवात कोण करते, आवाज एकमेकांपासून कुठे सुटतात, लय कोणाच्या हाती आहे आणि हे गाणे कधी व कशासाठी गातात? दोन आवाजांचे गाणे अधिक प्रगत, असे कोणी म्हटले तर त्याच्याच हाती घुमट द्यावे.

एवढे झाल्यावरच दूरचे गाणे ऐकवावे. जॉर्जिया देशातील तीन आवाजांचे गायन, ज्याचा युनेस्कोने २००१ मध्ये मानवी वारशाचा ठेवा म्हणून गौरव केला, त्यासाठी चांगले. त्यातही काखेती प्रदेशातील मेजवानीची गाणी. त्यांत वरचे दोन आवाज फिरत असतात आणि खाली बाकीचे सगळे एकच स्वर लांबवीत राहतात. तो स्वर गुणगुणून दाखवा, असे सांगितले की भजनात बसणारी मुले त्याला तंबोऱ्याच्या षड्जाच्या जागी आपोआप ओळखतात.