जुन्या जीन्समधून विक्रीची पिशवी: एका मालापासून व्यवसाय कसा उभा करावा

जुन्या कपड्यांतून नव्या वस्तू शिवून विकायचा धंदा बहुधा शिलाईत फसत नाही. आज कुर्ता, उद्या उशीचा अभ्रा, परवा जॅकेट असं सुरू झालं की प्रत्येक वस्तूला वेगळा वेळ लागतो आणि किंमत अंदाजाने ठरते. कच्चा माल दर वेळी वेगळा येणार, हे बदलता येत नाही. म्हणून बाकी सगळं पक्कं ठरवा: एकाच प्रकारचा कपडा, एकच वस्तू, एकच साचा. सुरुवातीला जीन्सपासून खांद्याची पिशवी सर्वांत सोयीची. कापड दणकट असतं, गिऱ्हाइकाच्या मापाचा प्रश्न येत नाही, आणि एका जीन्समधून एक पिशवी पट्ट्यासकट निघते.

पहिल्या खेपेला 20 जीन्स पुरेत. बांधलेले गठ्ठे स्वस्त पडतात, पण आत काय आहे ते दिसत नाही. आधी एकेक निवडून घ्या म्हणजे नजर तयार होते. जीन्स सपाट ठेवून मोहरी, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडाची रुंदी, मोजा. 19 सेमीपेक्षा कमी असेल तर सोडून द्या, पुरेसं रुंद कापड निघणार नाही. मांड्यांचा आतला भाग, बैठक आणि गुडघे उजेडासमोर धरा. कापड विरलं असेल तिथून उजेड झिरपतो. मग दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड जोराने ताणा. धागे तुटल्याचा बारीक तडतड आवाज आला तर कापड मेलेलं आहे. ताणून सोडल्यावर लाटा तशाच राहिल्या तर आतलं इलास्टेन, म्हणजे कापडाला ताण देणारा लवचिक धागा, गेलंय. शिकेपर्यंत शुद्ध सुती जीन्सच घ्या. लेबल नसेल तर चार धागे चिमट्यात धरून जाळा: सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो. कुबट वासाचा कपडा स्वस्त मिळाला तरी नको. बुरशीचा वास धुतल्यावर गेल्यासारखा वाटतो आणि दमट हवेत परत येतो.

आणलेला माल धुईपर्यंत बंद पिशवीत ठेवा, नाहीतर त्यातले किडे शिलाईच्या खोलीत पसरतात. चेन लावून, उलट करून, 60 अंशांच्या पाण्यात धुवा. या तापमानाला ढेकूण आणि त्यांची अंडीही मरतात. वाळल्यावर ओल्या पांढऱ्या फडक्याने एक जागा दहा वेळा घासा. फडकं निळं झालं तर पुन्हा धुवा. ही पायरी टाळली की आतलं फिकं अस्तर महिन्याभरात निळसर होतं आणि पिशवी परत येते.

आता उसवणं. यात सर्वांत जास्त वेळ वाया जातो, म्हणून काय उसवायचं आणि काय सरळ कापायचं हे ठरलेलं हवं. पायाच्या एका बाजूला दुहेरी टिपांची जाड शिवण असते. ती उसवत बसू नका, तिच्या दोन्ही बाजूंना लागून कात्री चालवा. सेंटीमीटरभर कापड जातं, पण बराच वेळ वाचतो. दुसरी, सपाट शिवण तशीच राहू द्या; ती पिशवीच्या मधोमध उभी येते आणि छान दिसते. बेल्टपट्टी मात्र अख्खी उसवा, कारण तीच आपला पट्टा. तिची टीप बहुधा साखळी टाक्याची असते. दोन्ही टोकांना धागा मोकळा करून ओढून पाहा: एका टोकाकडून तो अडतो, दुसऱ्याकडून एका ओढीत सरसर सुटत जातो. पट्टीवरचे लूप काढा, बटण आणि काजाकडची टोकं 3-3 सेमी कापा. 32 इंच कमरेच्या जीन्समधून सुमारे 75 सेमीचा पट्टा मिळतो.

पिशवीचा साचा जाड पुठ्ठ्याचा करा, 35 सेमी रुंद आणि 40 सेमी उंच, शिलाईची 1 सेमी जागा धरून. तो मोहरीच्या दुमडीच्या लगेच वर ठेवला तर घासलेले गुडघे बहुतेक बाहेर राहतात. एक काळजी घ्या: साचा बाजूच्या शिवणीला समांतर लावू नका. जुन्या जीन्सच्या पायाला धुऊन धुऊन पीळ पडतो आणि शिवण पुढे सरकते. कडेचे दोन-चार आडवे धागे ओढून काढा, उभा धागा स्पष्ट दिसेल. साचा त्यालाच धरून ठेवा. नाहीतर पिशवी पहिल्या धुण्यानंतर वाकडी लोंबते.

अस्तरासाठी जुना सुती शर्ट घ्या: पाठ एका बाजूला, बटणपट्टी शिवून बंद केलेला पुढचा भाग दुसऱ्या बाजूला. जुना शर्ट आधीच आटलेला असतो. नवं कापड न धुता लावलं तर ते नंतर आटून डेनिमला चुण्या पाडतं.

मशीनला 16 नंबरची डेनिमची सुई, टाका 3 ते 3.5 मिमी. जाड शिवणीवरून जाताना सुई मोडते, कारण दाबपट्टी (सुईपाशी कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) तिरकी होते आणि सुई वाकते. शिवण आधी हातोडीने ठोकून चपटी करा आणि दाबपट्टीच्या मागे तेवढ्याच जाडीचा दुमडलेला पुठ्ठा सरकवा. पट्ट्याची टोकं बाजूच्या शिवणीवर, वरच्या काठाच्या 4 सेमी आत घ्या आणि चौकोनात फुली अशी टीप मारा. प्रत्येक खेपेतल्या एका पिशवीत 8 किलो वजन घालून रात्रभर टांगा. टाके ताणलेले दिसले तर सगळ्या खेपेचे पट्टे पुन्हा शिवा.

किंमत काढताना दोन चुका नेहमी होतात. 20 पैकी 14 जीन्स वापरण्याजोग्या निघाल्या तर खरेदीचा खर्च 14 ने भागायचा. आणि वेळ फक्त शिलाईचा धरायचा नाही. धुणं 10 मिनिटं, उसवणं 25, बेतणं 15, शिलाई 60, इस्त्री, फोटो आणि पॅकिंग 20 असं धरलं तर एका पिशवीला 130 मिनिटं लागतात. स्वतःचे घड्याळ लावून हे आकडे काढा आणि त्या सगळ्या मिनिटांची मजुरी लावा. ती मिळत नसेल तर हा व्यवसाय पर्यावरणाला कितीही चांगला असला तरी चालणार नाही. विक्रीवर 20 टक्के कमिशन जात असेल तर खर्च आणि नफ्याची बेरीज 0.80 ने भागा: 100 चे 125 होतात. वर नुसते 20 टक्के चढवून 120 केले तर कमिशन गेल्यावर हाती 96 उरतात.

प्रत्येक नगाचा वेगळा फोटो काढण्यात दिवस जातो. गडद, मध्यम, फिकट असे तीन गट करा, गटागणिक दोन फोटो आणि खरं माप द्या. डाग किंवा रफू असलेले नग तेवढे स्वतंत्र दाखवा.

मूळ कंपनीची ओळख पुसा: मागची चामडी पट्टी, खिशावरचं लेबल, नाव कोरलेलं बटण. वस्तू अस्सल आहे एवढं पुरत नाही. 2021 मध्ये शॅनेल या फ्रेंच फॅशन कंपनीने आपलं चिन्ह असलेल्या बटणांचे दागिने विकणाऱ्या एका अमेरिकी व्यवसायावर दावा लावला होता. वर्णनही नेमकं ठेवा. युरोपीय संघात 27 सप्टेंबर 2026 पासून पुराव्याशिवाय ‘पर्यावरणपूरक’ असे मोघम दावे करण्यावर बंदी लागू होतेय. ‘एक जुनी जीन्स, एक जुना शर्ट, नवा फक्त दोरा’ हे खरं आहे आणि गिऱ्हाइकाला लगेच कळतंही.

पिशवी झाल्यावर उरलेल्या कापडाचं वजन करून लिहून ठेवा. मागचे खिसे अस्तरावर आत बसवता येतात. मांडीचं चांगलं कापड मात्र साठवा. ते 20 जीन्सचं जमलं की चेनचा छोटा पाऊच हा दुसरा माल सुरू करता येतो.