पोळ्याला टाकी भरा, दसऱ्याला मासे आणा: विदर्भातल्या घरात मोठे, शांत सिक्लिड

मोठा मासा हवा म्हटलं की आपल्याकडे बहुतेक दुकानांत फ्लॉवरहॉर्न पुढे केला जातो. तो देखणा आहे, पण टाकीत दुसऱ्या कोणाला टिकू देत नाही. तुम्हाला चार-सहा मोठे मासे एकत्र, गुण्यागोविंदाने फिरताना पाहायचे असतील तर दक्षिण अमेरिकेतले सेव्हरम आणि जिओफेगस आणा. दोघेही सिक्लिड कुळातले.

सेव्हरम ताटलीसारखा चपटा आणि गोल असतो, वाढला की वीतभर, म्हणजे २० सेंटीमीटरच्या आसपास होतो. जिओफेगस या नावाचा अर्थच माती खाणारा. तो वाळूत तोंड खुपसून घास घेतो, क्षणभर थांबतो, जबडा हलवत खाण्याजोगं तेवढं आत ठेवतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बारीक धारेनं खाली सोडतो. सुपात धान पाखडावं तसं त्याचं दिवसभर चालतं. हे जवळून बघायला मिळावं म्हणूनच हा सगळा खटाटोप.

आधी जागा आणि टाकी

टाकी किमान ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच हवी. तिच्यात जवळपास ४५० लिटर पाणी मावतं. काच, वाळू आणि स्टँड धरून वजन अर्ध्या टनाच्या वर जातं. सारवलेल्या जमिनीवर ती ठेवू नका. काळ्या मातीवरच्या घरांत उन्हाळ्यात जमीन भेगाळते, फरशी कलते आणि टाकीचा सांधा उकलतो. मिस्त्रीला बोलावून खाली काँक्रीटचा पक्का थर घालून घ्या, लेव्हल तपासा आणि काचेखाली थर्माकोल ठेवा. टिनाच्या छपराखालची खोली नको. कवेलूची किंवा स्लॅबची, थेट ऊन न येणारी खोली बघा.

तळाला कन्हानची किंवा वैनगंगेची बारीक वाळू उत्तम. ती चाळा आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवा. थोड्या वाळूवर लिंबू पिळून पाहा. फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती घेऊ नका. टोकदार गिट्टी जिओफेगसच्या तोंडाला आणि कल्ल्यांना इजा करते. सेव्हरमला पाला आवडतो, तो झाडं कुरतडतो. म्हणून नाजूक वनस्पतींवर पैसे घालवू नका. लाकडाला बांधलेली अनुबियस पुरे.

पाणी

आपल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. घरच्या टाक्यांत पैदास झालेले सेव्हरम आणि जिओफेगस त्याला सरावतात. डिस्कस माशाला मऊ पाणी लागतं, त्याच्या नादी मात्र लागू नका.

नळाचं पाणी वापरत असाल तर त्यात घातलेली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर लक्षात ठेवा. मी एकदा नळाचा पाइप थेट टाकीत सोडला. पाण्याला ब्लीचिंगचा वास येत होता, तरी मी दुर्लक्ष केलं. अर्ध्या तासात मासे कोपऱ्यात दाटले, कल्ले भराभर उघडझाप करू लागले, अंगावर पांढुरकी साय धरली. दोन सेव्हरम गेले. तेव्हापासून पाणी ड्रममध्ये एक-दोन दिवस हवा सोडून ठेवतो, घाई असेल तर अँटीक्लोरिनचे थेंब घालतो.

पोळा ते दसरा

सर्वांत जास्त मासे मरतात ते टाकी भरल्या आठवड्यातच मासे सोडल्यामुळे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. नायट्रेट त्यामानाने सौम्य. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजात वसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. आपलं बोअरचं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं आणि अशा पाण्यात अमोनिया जास्त मारक ठरतो, तेव्हा इथे घाई करूच नका.

पोळा ते दसरा म्हणजे सुमारे ४० दिवस, या कामाला नेमके पुरेसे. पोळ्याला टाकी भरा, फिल्टर चालू करा आणि रोज चिमूटभर खाणं टाकत राहा, ते कुजून जीवाणूंना अमोनिया मिळतो. ओळखीच्या कोणाकडे जुनी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरचा स्पंज मागून आणा, काम लवकर होतं. दसऱ्याच्या सुमारास किटने पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले तरच मासे आणायला नागपूरला जा.

मासे दोन-अडीच इंचांचे घ्या. दोन सेव्हरम, पाच जिओफेगस, बस. एसटीने आणताना पिशव्या थर्माकोलच्या डब्यात ठेवा. घरी आल्यावर पिशवी २० मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग थोडं थोडं टाकीतलं पाणी तिच्यात घाला. मासे जाळीने सोडा, पिशवीतलं पाणी बाहेर फेका.

थंडीत दोन हीटर लावा, एक बिघडला तरी दुसरा असतो. पाणी २५ ते २८ अंशांत ठेवा.

एप्रिल, मे आणि लाइन

खरी परीक्षा इथे आहे. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांना तो ७ च्याही खाली येतो. मासे मात्र गरम पाण्यात जास्त श्वास घेतात. ३० अंशांपर्यंत चिंता नाही, ३२ च्या पुढे रोज लक्ष हवं.

झाकण काढून जाळी बसवा, कारण मासे उडी मारतात. टेबल फॅनचा वारा पाण्याच्या पृष्ठावर तिरपा सोडा. आपल्या कोरड्या हवेत पाणी वाफ होऊन उडतं आणि तापमान दोन-चार अंशांनी उतरतं. खोलीत कूलर असेल तर हवा दमट होते आणि फॅनचा हा गुण कमी पडतो, पण खोलीच थंड राहत असल्याने भरपाई होते. पाणी उडतं तेव्हा क्षार मागे राहतात, म्हणून नुसती भर घालत राहू नका, पाणी बदलाच.

लाइन गेली की बॅटरीवर चालणारा एअर पंप लगेच लावा. तो आधीच घेऊन ठेवा. तोही नसेल तर लोट्याने टाकीतलंच पाणी हातभर उंचीवरून परत ओता, दर दहा मिनिटांनी. त्या दिवशी खाणं देऊ नका. बंद डब्याचा फिल्टर तासन्‌तास थांबला असेल तर आतलं शिळं पाणी फेकून मगच तो चालू करा.

फवारणीचे दिवस

हे कुठल्या दुकानात सांगत नाहीत. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशांना अतिशय घातक असतात. कपाशीत किंवा धानात फवारणी करून आलेल्या माणसाने आंघोळ केल्याशिवाय टाकीत हात घालू नये. फवारणीची बादली टाकीसाठी कधीही वापरू नका. डासांची कॉइल, लिक्विड त्या खोलीत लावू नका. मच्छरदाणी बांधा.

रोजचं

दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं. सेव्हरमला उकडून साल काढलेले वाटाणे आणि पालक द्या. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला. काढलेलं पाणी सांदवाडीतल्या वांग्यांना घाला, त्यातलं नायट्रेट खताचंच काम करतं.

शांत असले तरी जोडी जमून दगडावर अंडी घातली की सेव्हरम इतरांना हाकलतात. तो राग नाही, राखण आहे. टाकीच्या दुसऱ्या टोकाला लाकडाचा आडोसा ठेवा, बाकीचे तिकडे राहतात.

आणि मासे सांभाळणं जमेनासं झालं तर दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. मामा (माजी मालगुजारी) तलावात, बोडीत सोडू नका. १९५२ मध्ये बाहेरून भारतात आणलेला टिलापियाही सिक्लिडच, आणि तो पाण्यात एकदा पसरला की परत काढता येत नाही.