‘तुला पाणी पाहिजे’ म्हणणारं मूल : मी-तू शिकवताना या चुका टाळा

सव्वादोन वर्षांचं मूल रिकामा पेला पुढे करतं आणि म्हणतं, “तुला पाणी पाहिजे.” तहान त्यालाच लागलेली असते. आई सांगते, “तुला नाही, मला म्हण.” मूल आनंदाने म्हणतं, “मला म्हण.”

यात मुलाचं काहीच चुकलेलं नाही. पाणी मिळायच्या आधी रोज त्याच्या कानावर “तुला पाणी पाहिजे?” एवढंच पडतं, ते त्याने जसंच्या तसं उचललं. पेल्याला आईने पेला म्हटलं काय आणि आजीने म्हटलं काय, वस्तू तीच राहते. ‘मी’ आणि ‘तू’ मात्र बोलणारा बदलला की माणूस बदलतात. म्हणून मुलं आधी ‘माझं’ शिकतात, बराच काळ स्वतःचं नाव घेऊन “चिनूला दे” म्हणतात आणि अडीचच्या आसपास मी-तू जागेवर बसू लागतं. मधली अदलाबदल बहुतेक मुलांची तीन वर्षांपर्यंत मिटते.

तोंडावर दुरुस्ती करू नका

“मला म्हण” हे वाक्य फसतं, कारण आईच्या तोंडचं ‘मला’ म्हणजे आई. मुलाच्या बाजूने बोलणारा तिसरा माणूस लागतो. बाबा, आजी किंवा मोठी ताई मुलाच्या पाठीशी, त्याच्याच उंचीवर बसेल. मुलाचा हात हलकेच त्याच्या छातीवर ठेवून ती व्यक्ती म्हणेल, “मला पाणी दे.” समोरची आई लगेच पाणी देईल आणि एवढंच म्हणेल, “घे, तुला पाणी.” मुलाकडून वदवून घ्यायचं नाही. दिवसातून चार-पाच वेळा, खरोखर काही हवं असेल तेव्हाच हे करा.

एकटीच असाल तर प्रश्नच बदला. “तुला पाणी पाहिजे?” ऐवजी पेला दाखवून नुसतं “पाणी?” म्हणा आणि मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबा. नुसतं “पाणी” आलं तरी पुरे. उलटं पाठ झालेलं वाक्य घट्ट होण्यापेक्षा ते बरं.

याहून मोठी मदत मोठ्यांच्या आपसातल्या बोलण्याची होते. आई बाबांना ‘तू’ म्हणते आणि बाबा स्वतःला ‘मी’ म्हणतात, हे बाजूला बसून ऐकल्यावरच शब्द फिरतात कसे ते मुलाला उमगतं. कॅनडात माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या युरिको ओशिमा-ताकाने यांनी १९८८ मध्ये हे दाखवून दिलं. १९९६ च्या अभ्यासात त्यांना व सहकाऱ्यांना असंही आढळलं, की भाषेच्या इतर बाबतींत फारसा फरक नसूनही दुसरं अपत्य सर्वनामांत पहिल्यापेक्षा पुढे असतं. थोरल्याशी चाललेलं बोलणं त्याच्या कानावर पडत असतं. म्हणून जेवताना दोघांनी एकमेकांशी बोला, “मला भाजी वाढ, तुला आमटी देऊ?” मूल ऐकतंय.

फक्त एक होतं. ज्या घरात आई बाबांना “अहो” म्हणते, तिथे मूलही बाबांना “अहो” अशी हाक मारतं. हसून दाद देऊ नका, रागावूही नका. “बाबांना बोलावतोस?” म्हणा, काही दिवसांत जातं.

दिवसभर ‘आई देते, आई आणते’

तान्ह्या बाळाशी असं बोलणं ठीकच. पण दीड वर्षानंतरही आई कधी ‘मी’ म्हणालीच नाही, तर मुलाने तो शब्द ऐकायचा कुठे? जोडून म्हणा : “मला दे, आईला दे.” महिनाभराने ‘आईला’ गाळा. ‘आपण’चंही तसंच. झोपायचं फक्त बाळाला असताना “आपण झोपायचं हं” म्हणू नका. दोघं खरंच मिळून काही करणार असाल तेव्हाच ‘आपण’ वापरा.

क्रियापदातली अदलाबदल

ही सहसा लक्षातच येत नाही. मराठीत सर्वनाम गाळलं तरी चालतं, माणूस क्रियापदाच्या शेवटी कळतो. मूल स्वतःबद्दल “दूध पितोस” म्हणत असेल तर तीही मी-तूची अदलाबदलच. उपाय वरचाच : पाठीशी बसलेल्याने “पितो” म्हणायचं.

दिवसभर आई-आजीजवळ असलेला मुलगा “मी जाते” म्हणतो, तेव्हा “मुलगी आहेस का तू?” असं चिडवलं जातं. कृपा करून हे करू नका, मूल बोलायचंच थांबतं. आईला स्वतःबद्दल “मी जातो” म्हणता येत नाही, पण “कुठे जातोस?” असं विचारता येतं. बाकीचं बाबा आणि दादाच्या बोलण्यातून येतं. मुलीला लाडाने “कुठे गेला होतास रे राजा?” म्हणत असाल तर तिच्या तोंडी “मी गेलो” येणारच. कोल्हापूरकडे बायकाही “मी आलो” म्हणतात, तिथे ही चूकच नव्हे.

समजतं की नाही, हे कसं पाहायचं

हात मांडीवर ठेवा, नजर मुलाच्या चेहऱ्यावर. “माझं नाक कुठंय? तुझा कान कुठंय?” असं उलटसुलट क्रमाने सहा वेळा विचारा. एक-दोन चुका चालतात. बोट बरोबर जात असेल तर समज आली आहे, बोलणं मागून येईल.

तीन वर्षांनंतरही बहुतेक बोलणं उलटंच असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवा. हाकेला ओ न देणं, बोटाने काही न दाखवणं, नजरेला नजर न देणं किंवा दोन वर्षांनंतरही दोन शब्द न जोडणं, यातलं काहीही दिसलं तर तीनपर्यंत थांबूच नका. आधी कानांची तपासणी करून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. इतरत्र अंगणवाडीत किंवा जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दल विचारा, त्यातली तपासणी मोफत असते. जाताना मुलाची दहा-बारा वाक्यं, ती म्हणताना त्याला काय हवं होतं यासह, लिहून न्या.