खान्देशच्या मे महिन्यात टिकेल असं प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंग कसं करावं?

घरी नवा डेस्कटॉप जोडला, विंडोज चढवलं, दोन दिवस सगळं सुरळीत चाललं, की डोक्यात किडा वळवळायला लागतो: हा प्रोसेसर अजून किती पळेल? प्रोसेसरला कारखान्याने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, आणि हा किडा मला आवडतो. आपण जोडलेल्या यंत्राची नाडी हाताला लागते ती याच निमित्ताने. पण भुसावळ-जळगावच्या माणसाने यूट्यूबवरचे आकडे जसेच्या तसे आपल्या बायोसमध्ये, म्हणजे पीसी चालू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगच्या पानांत, टाकू नयेत. ते व्हिडिओ बहुतेक एसीच्या खोलीत, २२-२४ अंशांत केलेले असतात. आपल्याकडे एप्रिल सरता सरता पारा ४४-४५ ला टेकतो आणि पत्र्याच्या खोलीत रात्री अकरालाही भिंती गरम लागतात.

म्हणून या कामातलं पहिलं हत्यार म्हणजे साधा डिजिटल थर्मामीटर. तो भिंतीला टांगू नका. कॅबिनेटच्या पुढच्या पंख्याजवळ ठेवा, कारण प्रोसेसरला मिळते ती तिथली हवा.

हे मी शिकलो ते चोपड्याच्या भाच्यामुळे. तो लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. डिसेंबरात त्याने एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर आणि बी५५० बोर्ड (मदरबोर्ड) घेऊन पीसी जोडला आणि मी तो ओव्हरक्लॉक करून दिला. सहाही कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) ४.६५ गिगाहर्ट्झवर पक्के बांधले, १.३३ व्होल्ट दिले. तासभर चाचणी चालवली, एकदाही अडखळला नाही. मग ऐन लग्नसराईत, मे महिन्याच्या भर दुपारी फोन आला, "मामा, रेंडर अर्ध्यातच बंद पडी गया!" रेंडर म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं, आणि दुसऱ्या दिवशी हळदीचा व्हिडिओ द्यायचा होता. पोरगं रडकुंडीला आलं होतं.

नंतर वहीत हिशोब मांडला तेव्हा चूक सरळ दिसली. डिसेंबरात खोली २० अंशांवर होती आणि पूर्ण भारावर प्रोसेसर ७८ वर, म्हणजे फरक ५८ चा. हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा), पंखा आणि भार तेच राहिले तर हा फरक ऋतू बदलला तरी साधारण तेवढाच राहतो. मे महिन्यात त्याची खोली ४१ अंशांवर होती. ४१ अधिक ५८ म्हणजे ९९, आणि त्या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५. शिवाय चिप जितकी तापते तितका तोच वेग टिकवायला तिला जास्त व्होल्टेज लागतं. थंडीत पुरलेले १.३३ व्होल्ट उन्हाळ्यात पुरले नाहीत.

आधी बघा: तुमचा प्रोसेसर मोकळा आहे का

मोकळा म्हणजे वेग वाढवू देणारा. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'के' असलेले प्रोसेसर आणि झेड मालिकेचा चिपसेट (झेड६९०, झेड७९०) असलेला बोर्ड अशी जोडी लागते. बी६६० किंवा बी७६० बोर्डावर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा गुणक, म्हणजे त्याचा वेग ठरवणारा आकडा, वाढवता येत नाही. एएमडीचे बहुतेक रायझन मोकळे असतात. बोर्ड बी किंवा एक्स मालिकेचा हवा, ए५२० किंवा ए६२० वर हे जमत नाही. रायझन ७ ५८००एक्स३डी मात्र कुलूपबंदच येतो. आणि ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे घरातल्या ज्यांनी पैसे दिलेत त्यांना आधीच सांगा.

काहीही न बदलता पहिली नोंद

बायोस अपडेट करा, पण वीज जाण्याची वेळ टाळून. अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली तर बोर्डच हातचा जाऊ शकतो, म्हणून हे काम यूपीएसवरच करावं. मग बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी तयार सेटिंग, चालू करा. ते केलं नाही तर ३२०० ची डीडीआर४ रॅम सहसा २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते, आणि कित्येकांच्या घरी वर्षानुवर्षं तशीच चालते. रॅम स्थिर आहे की नाही हे मेमटेस्ट८६ ने एक रात्र तपासा. रॅम कच्ची असताना प्रोसेसरला हात लावला तर पुढची प्रत्येक चूक कोणाची, हे कळणार नाही.

आता तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडा आणि प्रोसेसरला पूर्ण भार देऊन गुण देणाऱ्या सिनेबेंच आर२३ ची दहा मिनिटांची फेरी चालवा. वहीच्या पहिल्या ओळीत चार आकडे लिहा: तारीख, खोलीचं तापमान, प्रोसेसरचं कमाल तापमान, गुण. प्रोसेसरमधून खोली वजा केली की तुमचा फरक मिळाला. त्यात मे महिन्यातल्या तुमच्या खोलीचं तापमान मिळवा. स्लॅबचं घर आणि खिडकीत कुलर असेल तर ३३-३४ धरा, पत्र्याची खोली असेल तर सरळ ४१-४२. बेरीज ८५ च्या आत आली तर पुढे जायला जागा आहे. ९० च्या वर गेली तर आधी हीटसिंक बदला, कॅबिनेटला मागचा पंखा लावा. ओव्हरक्लॉकिंग नंतर.

कुलरबद्दल एक सांगतो. आपली कोरडी हवा कुलरला फार मानवते, खोली आठ-दहा अंशांनी सहज उतरते, आणि त्याचा फायदा प्रोसेसरला पुरेपूर मिळतो. पण कॅबिनेट कुलरच्या थेट झोतात ठेवू नका. झोताबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात, आणि आपल्या बोअरच्या पाण्यातला क्षार जाळीवर जसा पांढरा साचतो तसा तो बोर्डावरही साचेल. कॅबिनेट झोताच्या बाजूला ठेवा, समोर नको.

वेग बांधून टाकू नका

प्रोसेसरची उष्णता साधारण वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा वेग ४.४ वरून ४.६ गिगाहर्ट्झ केला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३२ करावं लागलं. वेग वाढला साडेचार टक्के, उष्णता वाढली सुमारे २६ टक्के. पुण्या-मुंबईच्या एसीत हा सौदा कोणी केला तर ठीक. खान्देशात मी तो आता कोणालाच करून देत नाही.

त्याऐवजी रायझन ५००० आणि त्यापुढच्या पिढ्यांत पीबीओ (प्रोसेसरला स्वतःच वेग वाढवू देणारी एएमडीची सोय) आणि त्यातला कर्व्ह ऑप्टिमायझर वापरा. बायोसच्या अ‍ॅडव्हान्स्ड विभागात एएमडी ओव्हरक्लॉकिंग नावाचं पान असतं, त्यात पीबीओ 'अ‍ॅडव्हान्स्ड' करा. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये 'ऑल कोअर', चिन्ह 'निगेटिव्ह', आकडा १०. याचा अर्थ, प्रत्येक वेगाला कारखान्याने ठरवलेल्यापेक्षा थोडं कमी व्होल्टेज. एक पायरी सुमारे ३ ते ५ मिलिव्होल्टची असते. व्होल्टेज कमी म्हणजे उष्णता कमी, आणि वाचलेल्या वॅटमध्ये प्रोसेसर स्वतःच वर चढतो. कमी खाऊन जास्त पळणारा बैल म्हणा ना. चाचणी पास झाली की उणे १५, मग उणे २०. रायझन ५००० वर मर्यादा उणे ३० आहे, पण तिथवर सगळे कोअर क्वचितच पोचतात. गंमत अशी की चिपमधले सर्वांत चांगले दोन कोअरच सहसा आधी हार मानतात, कारण सर्वांत वरचा वेग त्यांनाच गाठावा लागतो. त्यांना उणे ८-१० वर ठेवून बाकीचे खाली न्या.

पॉवरची मर्यादा, म्हणजे पीपीटी, ५६००एक्सवर मुळात ७६ वॅट असते. ती ९० च्या आसपास न्या, बोर्डाच्या 'ऑटो'वर सोडू नका.

आणि त्याच पानावर एक ओळ असते तिच्याकडे फार कमी लोक बघतात: प्लॅटफॉर्म थर्मल थ्रॉटल लिमिट. ती 'मॅन्युअल' करून ८५ लिहा. मग प्रोसेसर ८५ ला पोचला की वेग जरा उतरवतो, हवा गार झाली की पुन्हा चढवतो. थंडीत आपोआप जोरात आणि मे महिन्यात आपोआप बेताने. भाच्याच्या पीसीत मी हेच बसवून दिलं. भर दुपारी त्याचं रेंडर थोडं लांबतं, पण अर्ध्यात तुटत नाही.

इंटेलवाल्यांचं काम थोडं वेगळं आहे. मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झचं, त्याला गुणक ४७ म्हणजे ४७०० मेगाहर्ट्झ. गुणक एकेकाने वाढवा, व्होल्टेज 'अ‍ॅडाप्टिव्ह' ठेवा, लोडलाइन कॅलिब्रेशन (भार आल्यावर व्होल्टेज किती घसरू द्यायचं ते) मधल्या पायरीवर, आणि पॉवर लिमिट 'अनलिमिटेड' असेल तर तिथे तुमच्या हीटसिंकला झेपेल असा आकडा लिहा. १३व्या किंवा १४व्या पिढीचा प्रोसेसर असेल तर आधी नवं बायोस घालाच. या पिढ्यांतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना वाढीव व्होल्टेजमुळे इजा होत असल्याचं इंटेलनेच २०२४ मध्ये सांगितलं आणि त्यावर नवा मायक्रोकोड, म्हणजे बायोसमधून प्रोसेसरला मिळणारी दुरुस्ती, दिला. अशा चिपवर व्होल्टेज वाढवण्याच्या फंदात मी पडत नाही.

खरी परीक्षा रिकामा असताना

सिनेबेंच पास झालं म्हणजे झालं, असं समजू नका. कर्व्ह ऑप्टिमायझरची कच्ची सेटिंग पूर्ण भारावर बहुधा टिकते आणि हलक्या कामात पडते, कारण एकटा कोअर सर्वांत वरच्या वेगाला जातो तो तेव्हाच. तुम्ही निवांत पेपर वाचत बसलेले असता आणि पीसी अचानक रीस्टार्ट होतो. ते पकडायला कोअरसायकलर नावाचं मोफत साधन आहे. ते एकेका कोअरला वेगळं तपासतं. रात्री लावून झोपा. त्यानंतर ओसीसीटी हे भार-चाचणीचं साधन तासभर चालवा, तेही दुपारी दोन ते चारच्या वेळात. सकाळच्या गारव्यातला निकाल मी धरतच नाही.

पीसी पडलाच तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदी उघडा आणि 'डब्ल्यूएचईए-लॉगर' (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) शोधा. त्या नोंदीतल्या एपिक आयडीवरून कोणता कोअर अडखळला याचा माग लागतो. त्या कोअरला तीन-चार पायऱ्या व्होल्टेज परत द्या, बाकीच्यांना हात लावू नका.

पण दोष प्रोसेसरला देण्याआधी घरातली वीज बघा. शेजारच्या मळ्यातली मोटर सुरू झाली की ट्यूब मिणमिणते, अशी आमच्याकडची कित्येक घरं आहेत. ६०० व्हीएचा साधा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅट देतो. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही एकदम भारावर आले आणि तेवढ्यात वीज गेली तर तो लगेच मान टाकतो. तो रीस्टार्ट ओव्हरक्लॉकचा नसतो. अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून एकदा मोजून घ्या.

पीसी चालूच होईना तर घाबरू नका. बोर्ड दोन-तीनदा प्रयत्न करून बहुधा स्वतःच मूळ सेटिंगवर येतो. नाहीच आला तर वायर काढा, बोर्डावरची सीआर२०३२ ची गोल बॅटरी काढून पाच मिनिटं बाजूला ठेवा आणि परत बसवा. सेटिंग पुसली जाते, डेटाला धक्का लागत नाही. म्हणूनच प्रत्येक चांगली सेटिंग बायोसच्या प्रोफाइलमध्ये नाव देऊन जपा आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

कापूस आणि हीटसिंक

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे हवेत बारीक तंतू उडत असतात, आणि घरात कापसाची गंजी लावली असेल तर विचारायलाच नको. भाच्याच्या हीटसिंकचा पंखा सोडवला तेव्हा मागे पत्र्यांवर राखाडी गोधडी बसली होती, बोटाने अख्खी सोलून निघाली. ती काढल्यावर त्याच भारावर प्रोसेसर ७ अंशांनी उतरला. एवढे अंश कोणत्याही बायोसमधून मला कधी मिळाले नाहीत.

तेव्हा वर्षातून दोनदा साफ करा: कापूस संपल्यावर फेब्रुवारीत आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास. पीसी बंद करून वायर काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग जातं. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली पेस्ट दोन-तीन वर्षांची झाली असेल तर जुनी पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. मग सिनेबेंचची तीच दहा मिनिटांची फेरी पुन्हा चालवा आणि आलेला फरक वहीतल्या पहिल्या ओळीशी ताडून बघा.