काचगृहातील टोमॅटो आणि बंबलबी : अभ्यासाला उतरण्यापूर्वीची तयारी

टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागकणांवर फळ धरू शकते, आणि बंबलबी या गुबगुबीत, केसाळ माशीकडून होणाऱ्या परागीभवनाच्या अभ्यासाची तयारी अवघड होते ती नेमकी यामुळेच. या माश्यांच्या वसाहतीची पेटी ठेवली, माश्या फुलांवर हिंडल्या आणि टोमॅटो भरघोस लागले, एवढ्यावरून माशीचे श्रेय किती आणि हवामानाचे, वाणाचे किंवा मजुराच्या हाताने हललेल्या वेलीचे किती, हे कोणालाही सांगता येणार नाही. नेदरलँड्समधील वेस्टलँड भागातल्या व्यावसायिक काचगृहात किंवा वाखेनिंगेन विद्यापीठाच्या ब्लाइस्वाइक येथील काचगृह संशोधन केंद्रात एका हंगामाचे काम घेऊन जाणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी हे टिपण आहे. माशीचा वाटा वेगळा काढून दाखवता यावा, या एका हेतूने त्यातील बहुतेक सूचना केल्या आहेत.

आधी थोडी पूर्वपीठिका वाचून घ्यावी. काचगृहात वारा नसल्यामुळे फूल पुरेसे हलत नाही, म्हणून 1980च्या दशकापर्यंत तेथील मजूर विजेवर चालणाऱ्या कंपनकांड्या घेऊन आठवड्यातून साधारण तीनदा प्रत्येक ओळीतून फिरत आणि फुलांचा एकेक गुच्छ हलवीत. बेल्जियमचे पशुवैद्य रोलंड द योंगे यांना 1985 मध्ये या कामासाठी बंबलबीचा उपयोग लक्षात आला, 1987 मध्ये त्यांनी बायोबेस्ट ही कंपनी काढली, आणि पुढील काही वर्षांतच बाँबस टेरेस्ट्रिस या जातीच्या पाळीव वसाहतींनी हाताने फुले हलवण्याची पद्धत जवळजवळ बंद पाडली. हे ठाऊक असणे केवळ प्रस्तावनेच्या पानापुरते उपयोगाचे नाही, कारण तीच कंपनकांडी आता आपल्या प्रयोगात तुलनेचे साधन म्हणून परत येणार आहे.

दुसरी तयारी फुलाची, आणि ती पुस्तकावर सोडू नये. पूर्ण उमललेले फूल देठासह तोडून दहापट भिंगाखाली धरावे. पाकळ्या मागे वळलेल्या असतात, फूल खाली झुकलेले असते आणि मधोमध पिवळ्या परागकोशांचा एकमेकांना चिकटलेला शंकू दिसतो. परागकोश आतल्या बाजूने उकलतात, त्यामुळे पराग बाहेर पडायला वाट उरते ती शंकूच्या टोकाची. फुलाखाली काळा कागद धरून देठाला कंपनकांडी टेकवली की टोकातून पिवळसर धूळ कागदावर उतरताना स्पष्ट दिसते, आणि नुसते बोटाने हळूच ढकलले तर फारच थोडी उतरते. बंबलबी हेच काम अंगाने करते. ती शंकूला जबड्याने धरून उलटी लोंबकळते आणि पंख न फडकावता उड्डाणाचे स्नायू थरथरवते. या थरथरीची वारंवारता साधारण 300 हर्ट्झच्या आसपास असते आणि तिचा आवाज उडतानाच्या गुणगुणीपेक्षा चढा लागतो, इतका की थोड्या सरावाने पलीकडच्या ओळीतली माशी फुलावर आहे की हवेत, हे कानाने ओळखता येते. मधमाशीला ही रीत येत नाही, आणि टोमॅटोच्या फुलात मकरंद नसल्यामुळे तिला तेथे येण्याचे फारसे कारणही नसते.

जबड्याने धरलेल्या जागी शंकूवर चावा उमटतो आणि काही तासांत तो तपकिरी होतो. हा डाग म्हणजे फुलावर माशी येऊन गेल्याची पोचपावती होय. वेस्टलँडमधला बागायतदारही पेट्या पुरेशा आहेत की नाहीत हे कोमेजत आलेली फुले तपासून, त्यांतील किती फुलांवर डाग आहे यावरून ठरवतो. संशोधनासाठी मात्र 'आहे' आणि 'नाही' एवढे पुरत नाही. शून्य ते चार अशी पाच पायऱ्यांची मोजपट्टी आधीच ठरवावी, प्रत्येक पायरीची ठळक छायाचित्रे काढून ती जाड कागदावर छापून घ्यावीत, आणि मोजणी करणाऱ्या दोन व्यक्तींनी तीच फुले एकमेकींना न विचारता तपासून त्यांचे गुण कितपत जुळतात हे हंगाम सुरू होण्यापूर्वी पाहावे. सर्वांत वरच्या पायरीकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये. फुले कमी आणि माश्या जास्त झाल्या की त्याच फुलावर पुन्हा पुन्हा चावे बसतात, शंकू काळपट पडतो आणि फळालाही इजा होऊ शकते, म्हणून डाग जितका गडद तितके परागीभवन चांगले असे सरळ समीकरण मांडता येत नाही.

आता प्रयोगाच्या मांडणीकडे यावे, कारण बहुतेक प्रबंध येथेच लंगडे पडतात. किमान चार गट हवेत : जाळीच्या पिशवीत बंद ठेवलेली आणि कशानेही न हलवलेली फुले, पिशवीतलीच पण कंपनकांडीने हलवलेली फुले, एका माशीच्या एकाच भेटीपुरती उघडून पुन्हा झाकलेली फुले, आणि सर्व काळ उघडी राहिलेली फुले. पिशवी कळी पिवळी दिसू लागल्यावर, पण पाकळ्या सुटण्यापूर्वी चढवावी. पिशवीमुळे आत सावली आणि दमटपणा वाढतो, त्यामुळे पहिले तीन गट आपसांत तुलना करण्याजोगे राहतात, चौथा मात्र तेवढ्याने वेगळा पडतो, आणि ही गोष्ट निष्कर्ष लिहिताना नव्हे तर मांडणी करतानाच विचारात घ्यावी. गुच्छाच्या बुडाशी असलेली फळे टोकाच्या फळांपेक्षा सहसा मोठी होतात. म्हणून एका गटाची सगळी फुले बुडाची आणि दुसऱ्याची टोकाची, असे चुकूनही होऊ नये. गुच्छातील स्थान चिठ्ठ्या टाकून वाटावे. परागीभवनाशिवायही फळ धरणारे काही वाण आहेत, तेव्हा वाणाची खातरजमा बियाण्याच्या पाकिटावरून न करता पुरवठादाराच्या माहितीपत्रकावरून लेखी करून घ्यावी.

सांख्यिकीचा एक मुद्दा मार्गदर्शकाशी आधीच बोलून घ्यावा. एका काचगृहात, एका पेटीच्या माश्यांवर, पाचशे फुले मोजली म्हणजे पाचशे स्वतंत्र प्रयोग झाले असे होत नाही. त्या सर्व फुलांना एकच वसाहत, एकच तापमान आणि एकच छत लाभलेले असते. पेटीच्या संख्येचा किंवा छताच्या प्रकाराचा परिणाम तपासायचा असेल, तर काचगृहाचे एकमेकांपासून बंद असे स्वतंत्र कप्पे हवेत आणि कप्पा हेच मोजणीचे एकक धरावे लागते. कप्पे मिळणार नसतील तर प्रश्नच बदलून फुलाच्या पातळीवर आणावा, हे अधिक प्रामाणिक ठरते.

काचगृह हे प्रथम कोणाचे तरी उत्पन्नाचे साधन असते, ही जाणीव ठेवून तेथील कामाचे वेळापत्रक मिळवावे. उंच तारेवर वाढवलेल्या टोमॅटोच्या वेली मजूर दर आठवड्याला खाली उतरवतात, सुतळीभोवती गुंडाळतात, खालची पाने काढतात आणि फळे एकसारखी भरावीत म्हणून गुच्छाच्या टोकाची फुले किंवा बारीक फळे खुडून टाकतात. खुणेची चिठ्ठी नसलेले आपले फूल या विरळणीत नाहीसे होणार हे गृहीतच धरावे. चिठ्ठीचा रंग मुकादमाला दाखवून ठेवावा, मजुरांच्या भाषेत एक छोटी सूचना ओळीच्या तोंडाशी लावावी (तेथील मजुरांत पोलिश बोलणारे बरेच असतात), आणि वेल उतरवण्याच्या दिवशी एकभेटीचे निरीक्षण ठेवू नये, कारण त्या दिवशी हाताच्या धक्क्यांनीच फुले हलत असतात.

हवामानाची नोंद काचगृहाच्या मुख्य संगणकावरून मिळते, तरीही फुलांच्या उंचीवर आणि पेटीशेजारी स्वतःची नोंदयंत्रे लावावीत. तापमान सुमारे 30 अंश सेल्सिअसच्या वर गेले की बऱ्याच कामकरी माश्या बाहेर जाण्याऐवजी पेटीत पंखांनी वारा घालू लागतात, आणि त्याहून वर गेले की परागकणांची जननक्षमताच घटते. म्हणजे उन्हाळ्यातल्या एका गरम आठवड्यात फळधारणा कमी झाली, तर दोष माशीचा की परागाचा, हा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी परागकण रंगवून किंवा रुजवून पाहण्याची सोय प्रयोगशाळेत आधीच करून ठेवावी, आणि कंपनकांडीने हलवलेला गट त्या आठवड्यात अजिबात चुकवू नये. हवा फार दमट असेल तर पराग गोळे होऊन शंकूत अडकतो, फार कोरडी असेल तर कुक्षीवर, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या टोकावर, नीट टिकत नाही, म्हणून आर्द्रतेची नोंद तापमानाइतकीच महत्त्वाची समजावी.

प्रकाशाची तयारी बहुधा राहून जाते. बंबलबीच्या डोळ्यांतील तीन प्रकारचे ग्राहक अतिनील, निळा आणि हिरवा प्रकाश टिपतात. लाल प्रकाश तिला जवळजवळ दिसतच नाही. छताच्या काचेतून किंवा प्लास्टिकमधून अतिनील किरण किती आत येतात, याचा तिच्या दिशाज्ञानावर परिणाम होतो, तेव्हा छताचा प्रकार लिहून न थांबता प्रत्यक्ष मोजमाप घ्यावे. हिवाळ्यात दिव्यांवर घेतलेल्या पिकात अंधाराच्या तासांत केवळ लाल-निळे एलईडी सुरू असतील, तर बाहेर पडलेल्या माश्या भरकटतात. म्हणून पेटीचे दार दिवसाउजेडाच्या तासांतच उघडे ठेवावे आणि उघडण्या-मिटण्याची वेळ रोज नोंदवावी. याच गोष्टीचा फायदाही आहे : पेटी तपासायची किंवा माश्यांच्या पाठीवर क्रमांकाच्या चकत्या चिकटवायच्या असतील, तर अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली ते काम निर्धास्तपणे करता येते.

पेटी मागवताना वसाहतीचे वय, आलेल्या दिवशीची कामकरी माश्यांची संख्या आणि राणी जिवंत असल्याची खूण नोंदवावी. प्रवासात हादरलेली पेटी जागेवर ठेवून, माश्या शांत झाल्यावरच दार उघडावे. जागा सावलीची आणि मुंग्यांपासून सुरक्षित असावी, आणि कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या नळ्यांपासून दूर व उंचावर असावी, कारण हा वायू जड असल्याने खाली साठतो. पेटीतल्या साखरपाण्याच्या टाकीचे झाकण सलग उघडे ठेवायचे की नाही, हे सर्व पेट्यांना सारखेच ठरवावे. दाराशी ठरावीक वेळेला पंधरा-पंधरा मिनिटे बसून किती माश्या बाहेर गेल्या, किती परतल्या आणि परतणाऱ्यांपैकी कितींच्या मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या आहेत, हे मोजणे कंटाळवाणे असले तरी कॅमेऱ्यावर पूर्ण विसंबू नये. पायावरची बारीक गोळी चित्रात पुष्कळदा निसटते.

कीडनाशकांची फवारणी किंवा गंधकाची धुरी कधी आहे, हे आदल्या दिवशी कळण्याची व्यवस्था करावी आणि प्रत्येक औषधासाठी पेटी किती वेळ बंद किंवा बाहेर ठेवायची ते पुरवठादाराच्या तक्त्यावरून पाहावे. युरोपीय संघाने 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम यांचा उघड्या शेतातला वापर बंद केला, पण कायमस्वरूपी काचगृहांना त्यातून वगळले होते, हे जुनी आकडेवारी वाचताना ध्यानात असू द्यावे.

स्वच्छतेच्या नियमांना तेथे कोणतीही सवलत मिळत नाही. टोमॅटो ब्राऊन रुगोज फ्रूट व्हायरस हा स्पर्शाने पसरणारा विषाणू 2019 मध्ये नेदरलँड्समध्ये प्रथम आढळला आणि बंबलबीही तो फुलागणिक वाहून नेऊ शकते, असे दिसून आले आहे. त्यामुळे एका काचगृहातील पेटी, पिशव्या किंवा कात्री दुसऱ्या काचगृहात न्यायची नाही, प्रत्येक ठिकाणी तिथलाच अंगरखा आणि हातमोजे वापरायचे, आणि एका दिवसात दोन ठिकाणची निरीक्षणे ठेवायची नाहीत. स्वतःच्या डब्यात कापलेला टोमॅटो नेणेही टाळावे. बंबलबी एकाहून अधिक वेळा डंख मारू शकते, म्हणून ॲलर्जीची तपासणी जाण्याआधीच करून घ्यावी.

फळ काढल्यावर वजन आणि व्यास त्याच दिवशी घ्यावेत, आणि बियांची मोजणी मात्र सोडू नये. फळाचा आकार बियांच्या संख्येशी निगडित असतो, आणि माशीच्या भेटीचा सर्वांत थेट पुरावा बियांतच असतो. वजनात पाणी, खत आणि ऊन हे सगळेच बोलतात. गर एक-दोन दिवस आंबवून, धुऊन, वाळवून बिया मोजण्यास बराच वेळ लागतो, तेव्हा त्यासाठी मदतनीस आणि जागा यांची सोय हंगामाच्या मध्यावर शोधत बसण्याची वेळ येऊ देऊ नये.

हे निष्कर्ष महाराष्ट्रात आणण्याचा मोह अनेकांना होईल. नारायणगावच्या बाजारात येणारा टोमॅटो बहुतांशी उघड्या रानातला असतो, जेथे वारा फुले हलवतोच, आणि आपल्याकडे फूल थरथरवून पराग काढण्याचे काम काळा भुंगा आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या करतात. बंबलबी भारतात मुख्यतः हिमालयाच्या पट्ट्यात आढळते. सोलनजवळच्या नौणी येथील डॉ. यशवंतसिंह परमार विद्यापीठात बाँबस हेमोऱ्हॉयडॅलिस या देशी जातीच्या संगोपनाचे आणि पॉलीहाऊसमधील वापराचे काम झाले आहे, आणि संदर्भ शोधायचा तर तो तेथे शोधावा. परदेशी वसाहत बरोबर आणण्याचा विचारही करू नये. चिलीमध्ये बाँबस टेरेस्ट्रिस आणल्यानंतर तिथल्या बाँबस डालबोमी या देशी जातीची झपाट्याने पीछेहाट झाली, आणि जपानने 2006 मध्ये याच माशीला आक्रमक परकी जाती ठरवून तिच्या वापरावर परवान्याची व जाळी लावण्याची अट घातली.

नेदरलँड्समध्ये ही जात देशीच असली, तरी पाळीव वसाहतींतून जंगली माश्यांकडे क्रिथिडिया आणि नोसेमासारखे परजीवी जाण्याचा धोका असतो. म्हणून हंगाम संपल्यावर पेटी बागेत उघडून सोडून देऊ नये. संध्याकाळी सर्व माश्या परतल्यावर दार बंद करावे, पेटी उणे 20 अंशांच्या शीतकपाटात किमान दोन दिवस ठेवावी, मग ती उघडून राणी, कामकरी, नर आणि कोश यांची अखेरची मोजणी करावी, आणि त्यानंतरच ती केंद्राच्या नियमांप्रमाणे नष्ट करण्यासाठी द्यावी.